मावळ म्हणजे कुठली बाजू?

सातवीच्या चाचणीत मी 'मावळा' या शब्दाचा अर्थ विचारला होता. जवळजवळ सगळ्या मुलांनी लिहिलं, 'शिवाजी महाराजांचा सैनिक'. मी सगळ्यांना गुण दिले. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'मावळतीकडे राहणारा माणूस'. तिलाही गुण दिला, पण पेपर गठ्ठ्यात ठेवताना हात थांबला. मी अंबाजोगाईकडची. आमच्या शेतात आजही पूर्व-पश्चिम कुणी म्हणत नाही. 'उगवतीकडचा बांध, मावळतीकडची विहीर' असंच बोलतात. त्या मुलीने घरात रोज ऐकलेला शब्द घेतला आणि त्यातून अर्थ काढला. तो बरोबर होता का, हे मला सांगता येईना.

दिवाळीच्या सुट्टीत दादाकडे चिंचवडला आले. तो वीस वर्षांपासून तिथे कारखान्यात आहे. म्हटलं, दादा, मला मावळ दाखव. तो म्हणाला, "अगं, मी मतदान मावळातच करतो." ते खरंच आहे. 2008च्या पुनर्रचनेत झालेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात पिंपरी-चिंचवड आहे, घाट उतरून कर्जत-पनवेल आहे आणि थेट समुद्राकाठचं उरणही आहे. शब्द इतका पसरलाय की मूळ जागा शोधायला निघावंच लागलं. दादाने चार दिवसांची रजा टाकली, पाचवा दिवस रविवार मिळाला, आणि आम्ही त्याच्या मोटारसायकलवर निघालो.

दिवस पहिला : नाणे मावळ

जुन्या मुंबई रस्त्याने वडगावला पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं. 1779च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी इंग्रजांना कोंडून तह करायला लावला तो याच वडगावात. माझं लक्ष मात्र भाताच्या संशोधन केंद्राकडे होतं. आमच्या घरी पाहुणे आले की जो 'इंद्रायणी' शिजतो, तो वाण इथे तयार झाला. आंबेमोहोर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून आलेला हा वाण 1987 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती गेला. नदीचं नाव घेऊन एक भात महाराष्ट्रभर फिरतोय आणि आम्ही दुष्काळी भागातले लोक तो कौतुकाने खातोय.

कामशेतहून आत वळलो आणि दोन्ही बाजूंना खाचरं सुरू झाली. बरीचशी कापून झालेली, काही अजून पिवळी उभी. बांधावर पेंढ्या सुकत होत्या. रस्त्यात करंजगाव लागलं. त्या पाटीकडे तेव्हा मी नीट पाहिलंही नाही.

एका खळ्यावर झोडणी चालली होती. लाकडी फळीवर भाताची पेंढी आपटायची, दाणे खाली, पेंढा मागे. एक बाबा कडेला बसून पेंढे बांधत होते. मी विचारलं, "बाबा, याला मावळ का म्हणतात?"

त्यांनी हातातला विळा उचलून डोंगराकडे दाखवला. "दिवस तिकडं मावळतो म्हणून." मग थोडं थांबून, "पर हे नाव पुण्याकडच्यांनी दिलं आसंल. आमचा दिवस डोंगराआड लवकरच बुडतो. आम्ही आपलं नाण्यातलं. ह्या डोंगरापल्याड आंदरातलं, त्या अंगाला पौनातलं."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आज मावळ तालुका म्हणतात तो आंदर, नाणे आणि पवन (गावकऱ्यांच्या तोंडी 'पौन') अशा तीन मावळांचा. प्रत्येक मावळ म्हणजे एका नदीचं किंवा ओढ्याचं खोरं, मध्ये डोंगराची सोंड. माणूस स्वतःची ओळख खोऱ्याने सांगतो. 'मावळ' हा शब्द त्याच्याकडे बाहेरून बघणाऱ्याला जास्त लागतो. जुन्या कागदांत बारा मावळं म्हणतात, पुण्याखालची बारा आणि जुन्नर-शिवनेरीखालची बारा. याद्या बघितल्या तर नावं एकसारखी येत नाहीत. कुठे खोऱ्याचं मावळ होतं, कुठे मावळाचं खोरं. मला त्यात चूक वाटत नाही. शेजारच्या दोन खोऱ्यांना एक म्हणायचं की दोन, हे सांगणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

बाबांनी दुपारी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि पावट्याची आमटी. ज्वारीच्या मुलखातल्या मला तांदळाची भाकरी थापायला जमत नाही. घरातल्या मावशी म्हणाल्या, पीठ उकळत्या पाण्यात काढावं लागतं. त्यांनीच राबही समजावून सांगितला. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, शेण आणि माती यांचे थर रोपाच्या जागेवर अंथरून ते जाळायचे. तणाचं बी मरतं, राख मातीत मिसळते. पावसाच्या तोंडाला तिथे भात पेरायचं, रोप वर आलं की उपटून खाचरात लावायचं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला पासष्टेक किलोमीटरवर असलेल्या पुण्यात सातशेच्या आसपास. या मधल्या पट्ट्यात, भाताची लावणी थांबते आणि बाजरी सुरू होते तिथे मावळ संपतं. नकाशावरची रेघ तुम्ही कुठेही ओढा. मावशींनी सहज सांगितलं, "माझी धाकटी भैन बाजरीकडं दिली." म्हणजे देशावर. दिशेचं नाव न घेता पिकाने मुलूख सांगितला, हे मी वहीत लिहून घेतलं.

दिवस दुसरा : कार्ले

कार्ल्याच्या पायऱ्यांवर गर्दी होती. चैत्याच्या, म्हणजे लेण्यातल्या बौद्ध प्रार्थनागृहाच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे. दर्शनाला आलेले बहुतेक लोक घाटाखालचे, कोळी आणि आगरी घरातले. ढोल होता, फुलांच्या टोपल्या होत्या. कोकणातल्या इतक्या घरांची कुलदेवता घाट चढून वर मावळात बसली आहे, म्हणजे ही वाट किती जुनी असेल.

देवीचं दर्शन घेऊन चैत्यात गेले. छताच्या लाकडी कमानी पाहून बाहेर आले आणि दर्शनी भिंतीवरच्या लेखांपुढे उभी राहिले. ब्राह्मी मला वाचता येत नाही. वाचन घरून लिहून आणलं होतं. सातवाहन राजाची आज्ञा आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीची, प्राकृतात. 'मामाल' इथल्या अमात्याला राजा सांगतो की मामाल-आहारातलं करजक हे गाव वलूरक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना दिलं आहे. आहार म्हणजे तेव्हाचा प्रशासकीय विभाग. वलूरक म्हणजे हेच कार्ले. आणि मामाल म्हणजे मावळ.

मी तिथेच खाली बसले. करजक वाचल्यावर कालची करंजगावची पाटी आठवली. ते तेच गाव की नाही हे ठरवणं माझं काम नाही, पण मन तिकडे धावलंच. त्याहून मोठी गोष्ट 'मामाल' या शब्दाची. दोन स्वरांमधल्या म चा मराठीत व होतो: ग्राम-गाव, नाम-नाव. ल चा ळ होतो: कमल-कमळ. दोन्ही एकदम होतात तेव्हा काय घडतं ते मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. कोमलचा कोवळा. श्यामलचा सावळा. आमलकचा आवळा. त्याच वाटेने मामालचं मावळ होतं. इतकं सरळ, की मला आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं.

मग त्या मुलीचं उत्तर चूक? दादाला मी हे सगळं सांगितलं. तो पायरीवर बसून शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "आपण आत्याला मावळण म्हणतो. तिचं आणि दिवस मावळण्याचं काय नातं आहे?" काहीच नाही. शब्द दिसायला सारखे असतात आणि घराणी वेगळी असतात. म्हणजे 'मावळ' हे नाव मावळतीवरून पडलं असं ठामपणे म्हणता येत नाही. नाव त्याआधीच इथे होतं, मामाल होऊन दगडात कोरलं गेलं होतं. पण ते जिभेवर मावळ झालं तेव्हा देशावरच्या माणसाला त्यात आपलं क्रियापद ऐकू आलं, आणि मुलूख खरोखर मावळतीलाच होता. नाव आणि जागा एकमेकांना इतकी लागू पडली की त्यानंतर कुणी दुसरा अर्थ शोधला नाही. कालच्या बाबांनी विळ्याने दाखवलेली दिशा मला त्यामुळे खोटी वाटत नाही. अर्थ नंतर आला म्हणून तो उपरा ठरत नाही. शेकडो वर्षं त्या अर्थाने लोक बोलले आहेत.

संध्याकाळी कामशेतच्या लॉजवर दिवे गेले होते. मी मेणबत्तीच्या उजेडात वहीत 'मामाल-मावळ' पुन्हा पुन्हा लिहीत बसले.

दिवस तिसरा : पवन मावळ

सकाळी छोटा घाट ओलांडून पवनेकडे उतरलो. लोहगड-विसापूर मागे पडले, समोर तुंग आणि तिकोना. तिकोन्यावर चढलो. वरून धरणाचं पाणी आणि त्याच्या काठाने शेतं दिसतात.

हे पाणी दादाच्या घरी नळाला येतं. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या विरोधात इथले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. 9 ऑगस्ट 2011ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. वरून पाण्याकडे बघत दादा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, त्या आठवड्यात कारखान्यात सगळे 'मावळ पेटलं' म्हणत होते, आणि त्याला तेव्हा मावळ कुठे सुरू होतं हेसुद्धा माहीत नव्हतं.

सूर्य पाण्यापलीकडच्या डोंगरात गेला. आम्ही तिकोना पेठेत मुक्काम केला.

दिवस चौथा : मुळशी आणि मोसे खोरे

कोळवणमार्गे पौड, तिथून मुळशी. वाटेत आंबेमोहोर विकायला ठेवलेली पोती दिसली. आम्ही पाच किलो घेतला, नवा होता, पिशवीतूनच वास येत होता.

मुळशीच्या काठावर उभं राहिलं की 'मावळा' या शब्दाचा तिसरा अर्थ कळतो. 1921च्या एप्रिलमध्ये, रामनवमीला, विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाच्या विरोधात इथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातून सेनापती झाले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. त्या काळच्या लिखाणात या शेतकऱ्यांना मावळेच म्हटलं आहे. हातात शस्त्र नाही, बायका कामाच्या जागेवर जाऊन बसलेल्या, आणि नाव तेच. लढा 1924 पर्यंत चालला. धरण झालं. पाण्याखाली गेली ती आंबेमोहोराची खाचरं. मला वाटतं, मावळा म्हणजे काय हे मुलांना शिकवताना ही बायकामाणसंही सांगायला हवीत, कारण राजाच्या काळानंतर अडीचशे वर्षांनी त्यांनी तोच शब्द स्वतःच्या अंगावर घेतला.

दुपारनंतर मोसे खोऱ्याकडे गेलो. शिवाजी महाराजांचे सुरुवातीचे साथीदार बाजी पासलकर, त्यांचं मोसे गाव वरसगाव धरणात गेलं. जलाशयाला त्यांचंच नाव दिलं आहे. आम्ही पाण्याकडे बघत चहा घेतला. टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आम्ही मोशातले." गाव पाण्याखाली आहे, तरी 'मोशातले' हा शब्द चालू आहे.

तीन दिवस फिरून ध्यानात आलं की जवळजवळ प्रत्येक मावळाच्या पोटात आता एक धरण आहे. खोरं अरुंद, तोंड चिंचोळं, पाऊस अफाट. भातासाठी जे सोयीचं, तेच धरणासाठीही. रात्री पुण्यात मावशीकडे आलो. खूप थकलो होतो.

दिवस पाचवा : रोहिड खोरे, हिरडस मावळ

पहाटेच निघून भोर गाठलं. हा भाग आजच्या मावळ तालुक्यात नाही, तिथून बराच दक्षिणेला आहे, पण शब्द इथेच सगळ्यात घट्ट राहिला आहे. लोक 'हिरडस मावळ' पूर्ण म्हणतात.

आधी आंबवड्याला कान्होजी जेध्यांच्या समाधीपाशी गेलो. जेधे रोहिड खोऱ्यातल्या कारीचे देशमुख. 1659 मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. याच घराण्यात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केली. तारखांच्या त्या कोरड्या टिपणांमुळे शिवकाळाची कालगणना पुष्कळ नीट बसली. मी हात जोडले. एका डोंगरी घराने आपले कागद अडीचशे वर्षं पावसापासून वाचवले. त्या पावसात घराच्या भिंतींना ओल चढते, धान्याला बुरशी लागते. कागद टिकवायला किती जपणूक लागली असेल, हे चार दिवस या घरांमधून हिंडल्यावरच मला कळलं.

तिथून नीरेच्या काठाने वर, हिरडस मावळात. बांदल देशमुखांचा मुलूख, आणि बाजीप्रभूंचं शिंद गावही याच भागातलं. गाडीवर मागे बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली आणि मग गेलीच नाही. पावनखिंड 1660च्या जुलैची. आषाढ. म्हणजे या खाचरांमध्ये ऐन लावणीचे दिवस. एरवी भात घरात आलं, दसरा झाला की माणसं शिलंगण करून मोहिमेला निघायची आणि पावसाच्या आत नांगराला परतायची. भाताच्या वर्षावरच स्वारीचं वर्ष बेतलेलं होतं. त्या साली मात्र पन्हाळ्याचा वेढा उन्हाळ्यापासून चालू होता. बांदलांची माणसं घोडखिंडीत (पावनखिंडीचं आधीचं नाव) उभी होती तेव्हा त्यांच्या घरची रोपं कुणी उपटली, चिखल कुणी केला, इरलं पाठीवर घेऊन कोण वाकलं? घरच्या बायांनी आणि म्हाताऱ्यांनीच केलं असणार. सैनिक हा अर्थ चूक नाही, पण तो अर्ध्या घराचा आहे. मी गाडी थांबवायला सांगितली आणि हे तिथेच लिहिलं, कारण शाळेत सांगायला मला हीच गोष्ट हवी होती.

चार वाजता वरंध घाटाच्या तोंडाशी पोचलो. खाली कोकण पसरलेलं. इथे उभं राहिलं की दिशांचे शब्द एकेक करून उलगडतात. महाराजांच्या पायदळात मावळे होते तसे हेटकरी होते. हेट म्हणजे खाली. हेटकरी म्हणजे घाटाखालचा, बंदुकीत तरबेज. कोकणातही समुद्राकडची ती खालाटी आणि डोंगराकडची ती वलाटी. दोन्ही प्रकारच्या शिपायांची नावं ते कसे लढतात यावरून पडलेली नाहीत. ते कुठल्या अंगाला राहतात यावरून पडली आहेत. आणि खालचा माणूस वर बघून या सगळ्यांना घाटी म्हणतो. मुंबईत तो शब्द हिणवायला वापरतात याचं मला वाईट वाटतं. घाट चढून-उतरून पोट भरणाऱ्या माणसाचं ते सरळ वर्णन आहे. मावळ्याच्या शेजारी बसणारा शब्द आहे तो.

सूर्य कलायला लागला तसे परत फिरलो. हिर्डोशीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या खळ्यावर एक आजी एकट्याच सुपाने भात उफणत होत्या. वारं पडलं होतं म्हणून थांबल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं. त्यांनी तांब्या दिला.

"कुठल्या गं तुम्ही?"

"अंबाजोगाईच्या."

"ते कुठं आलं?"

मी सांगायला लागले, बीड जिल्हा, मराठवाडा. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. मग म्हटलं, "आजी, इथून उगवतीला. लांब."

"हां, उगवतीच्या!" त्यांनी वळून माझ्या मागच्या डोंगराकडे पाहिलं, जिकडे आता अंधार चढत होता. "मग तुमच्याकडं दिवस आदी येतो." तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, तशा त्या सूप घेऊन उठल्या.